जनरेटर बाहेर होता, धूर घरात आला : चोपडा तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

या प्रकरणात कुणी दगावलं नाही. म्हणूनच ते इतक्या तपशिलात लिहिता येतं, कारण त्या रात्री काय काय झालं हे घरातली माणसं स्वतः सांगू शकली. लिहिण्याला घरच्यांची परवानगी आहे, पण गावाचं आणि कुटुंबाचं नाव देत नाही. मी वायरिंगची कामं घेणारा परवानाधारक ठेकेदार. मला त्यांनी बोलावलं ते सगळं होऊन गेल्यावर, ‘चेंजओव्हर बसवून द्या’ एवढ्या एका कामासाठी. चेंजओव्हर म्हणजे घर एकतर लाइनवर नाहीतर जनरेटरवर टाकणारा स्विच. घर पाहिलं, सगळ्यांशी बोललो, आणि चेंजओव्हर हा या प्रकरणाचा निम्माच भाग आहे हे लक्षात आलं.

घर आणि घराची गरज

गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेला. चहूबाजूंनी केळी. मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत या पट्ट्यात वादळी पाऊस येतो तेव्हा केळीच्या बागा आडव्या होतात आणि त्यांच्याबरोबर विजेचे खांबही. नुसती डीपीवरची, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरची फ्यूज गेली तर तासाभरात लाइट येते. अकरा हजार व्होल्टची लाइन पडली, खांब मोडले, की दोन-तीन दिवस जातात. चिखलात नवा खांब उभा करणं हे तासाभराचं काम नव्हे.

घरात सहा माणसं. आजोबांना फुप्फुसाचा जुना आजार, डॉक्टरांनी रात्री ऑक्सिजन लावायला सांगितलेला, मिनिटाला दोन लिटर. त्यासाठी घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र. आजीला मधुमेह, इन्सुलिन फ्रिजमध्ये. मुलगा केळी-कापूस करणारा, सून, दहा वर्षांचा नातू आणि धाकटी नात. म्हणजे जनरेटर टीव्हीसाठी किंवा हौसेसाठी घेतलेला नव्हता. कॉन्सन्ट्रेटर विजेशिवाय बंद पडतो आणि दुसरी सोय घरात नव्हती. गरज खरी होती. हे आधी सांगतोय, कारण ‘कशाला घेतला जनरेटर’ असं पुढं वाचताना कुणाच्या मनात येऊ नये.

घेतलं ते दोन केव्हीएच्या आसपासचं, पेट्रोलवर चालणारं, दोघांनी उचलून नेता येईल असं साधं यंत्र. दुकानदारानं विचारलं होतं, ‘किती लोड आहे?’ त्याचं उत्तर बरोबर दिलं गेलं. ते ठेवणार कुठं आणि घराला जोडणार कसं, हे दुकानदारानं विचारलं नाही आणि घेणाऱ्यानंही नाही. वाचवणारी किंवा घात करणारी गोष्ट ह्या दोन प्रश्नांत असते. किती केव्हीए, म्हणजे यंत्राची ताकद किती, हा प्रश्न त्यांच्यानंतरचा.

त्या दोन रात्री

पहिली रात्र पावसाची होती. जनरेटर मागच्या परसात ठेवला, वर पत्रा तिरका टाकला. खिडक्या-दारं बंद. वारा जोराचा होता. काही झालं नाही, आणि ‘ही जागा चालते’ असा विश्वास बसला.

दुसऱ्या दिवशी आभाळ उघडलं. संध्याकाळपर्यंत वारा पडला, दमट उकाडा सुरू झाला. मुलगा, सून आणि नात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर झोपायला गेली. आजोबा, आजी आणि नातू खालच्या खोलीत. दहाच्या सुमारास जनरेटर सुरू केला. कॉन्सन्ट्रेटर, दोन पंखे, एक दिवा आणि कूलर. कूलर खिडकीत बसवलेला, त्याची पाठ परसाकडं. जनरेटर त्याच परसात, खिडकीपासून आठ-दहा फुटांवर. परसाला तीन बाजूंनी भिंती.

एकच्या सुमारास नातू डोकं धरून उठला आणि त्याला उलटी झाली. आजीचंही डोकं जड झालं होतं. दिवसभर पोरगं पडलेल्या केळीत फिरलेलं. आजी म्हणाली, “ऊन लागनं व्हई.” कैरीचं पन्हं दिलं आणि पुन्हा आडवं केलं. खानदेशात मे-जूनमध्ये डोकं दुखणं आणि उलटी ह्याचा पहिला अर्थ तोच असतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. आजोबा गुंगीत होते. आजीनं करोनापासून घरात असलेलं ऑक्सिमीटर त्यांच्या बोटाला लावलं. एरवी ९१-९२ दाखवणारं यंत्र त्या वेळी ९४ दाखवत होतं. आजीला बरंच वाटलं.

पहाटे तीनच्या आसपास जनरेटरची टाकी रिकामी झाली. आवाज थांबला म्हणून धाब्यावर मुलाला जाग आली. पेट्रोलचा डबा घेऊन तो खाली उतरला, तर आजी दाराशी बसलेली, उठू म्हणून उठता येत नाही. नातू हाक मारली तरी नीट ओ देत नव्हता. त्यानं टाकी भरायचा विचार सोडला, तिघांना अंगणात ओढून आणलं, शेजाऱ्याची पिकअप काढली आणि तालुक्याच्या गावी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, ‘खोलीत शेगडी, जनरेटर काही होतं का?’ मुलाचं उत्तर होतं, “मशीन बाहेरच शे ना!”

तिघांनाही ऑक्सिजन लावला गेला. नातू आणि आजी लवकर सावरले, आजोबांना काही दिवस ठेवून घ्यावं लागलं. पेट्रोल तासभर आणखी पुरलं असतं तर काय झालं असतं, ह्याचा हिशेब मी त्यांच्यासमोर मांडला नाही. त्यांनी तो स्वतःच केलेला होता.

बाहेरचा धूर आत कसा आला

ह्याचं उत्तर कूलरमध्ये आहे. आपल्याकडं जनरेटरबद्दल जी थोडीफार सावधगिरी सांगितली जाते ती ‘घरात चालवू नका’ एवढीच असते. ह्या घरानं ती पाळली होती.

कूलर हवा तयार करत नाही. तो बाहेरची हवा पाठीमागून ओढतो, ओल्या गवतातून नेतो आणि खोलीत फेकतो. खोलीत बसवायचा साधा लोखंडी कूलर तासाला दोन-तीन हजार घनमीटर हवा ओढतो असं धरा. बारा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ४१ घनमीटर. म्हणजे त्या खोलीतली जवळपास सगळी हवा मिनिट-दोन मिनिटांत बदलत होती, आणि नवी हवा येत होती ती तीन भिंतींत कोंडलेल्या परसातून, जनरेटरच्या सायलेन्सरसमोरून. पहिल्या रात्री कूलर बंद होता, खिडकी बंद होती, वारा होता. दुसऱ्या रात्री तिन्ही गोष्टी उलट झाल्या. जनरेटर मात्र त्याच जागेवर होता.

धुरातला घातक भाग म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. पेट्रोलच्या जळक्या वासानं माणूस सावध होईल असं वाटतं, पण कूलरच्या ओल्या गवताचा वास खोलीभर असतो आणि झोपलेल्या माणसाला वास तसाही कमीच कळतो. कूलरचं गवत धूळ अडवतं, हा वायू अडवत नाही. वजनाला तो हवेइतकाच असल्यानं तो खाली बसत नाही की छताशी जमत नाही, सगळीकडं मिसळतो. त्यामुळं ‘वरचा झरोका उघडा होता’ ह्याचा उपयोग नसतो.

रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट धरतो. हवेच्या दहा लाख भागांत ह्याचे ४०० भाग असले तर एक-दोन तासांत डोकं दुखू लागतं. १,६०० भाग असले तर वीस मिनिटांत डोकेदुखी, चक्कर, मळमळ, आणि दोन तासांच्या आत मृत्यू येऊ शकतो. छोट्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाच्या धुरात ह्याचं प्रमाण शंभरात काही भाग इतकं असतं, म्हणजे दहा लाखांत हजारो-हजारो. तो मोकळ्या हवेत विरला तर ठीक. परसात विरायला जागाच नव्हती.

ऑक्सिमीटरनं ९४ का दाखवलं, हे प्रत्येक घरानं समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण करोनानंतर हे यंत्र घरोघरी आहे. ते बोटातून दोन रंगांचा प्रकाश पाठवून रक्ताच्या रंगावरून अंदाज करतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही लालभडक असतं. साध्या यंत्राला ते ऑक्सिजनवालंच वाटतं. माणूस गुदमरत असताना आकडा चांगला दिसतो. खरा आकडा कळायला को-ऑक्सिमीटर लागतो आणि तो सगळ्या दवाखान्यांत नसतो, म्हणून डॉक्टरांना ‘जनरेटर चालू होता’ हे आपण होऊन सांगावं लागतं. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचं एकाच रात्री डोकं दुखतंय, उलट्या होतायत, आणि बाहेर इंजिन चालू आहे, ह्यापेक्षा मोठी खूण घरात मिळत नाही. ऊन एका वेळी सगळ्या खोलीला लागत नाही.

आजोबांच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती, मग त्यांना त्रास कमी व्हायला हवा होता, असं सुनेनं मला विचारलं. नळीतून मिनिटाला दोन लिटर येतात. माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. बाकीचा श्वास खोलीतल्या हवेचाच होता.

उपाय म्हणून आधी माणसांना मोकळ्या हवेत आणणं, मग १०८ किंवा मिळेल ते वाहन. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. म्हणून ‘बाहेर बसल्यावर बरं वाटतंय’ म्हणून घरीच थांबू नये. विसरभोळेपणा, चालताना तोल जाणं असे परिणाम काही जणांत काही आठवड्यांनी दिसू शकतात, तेव्हा पुन्हा एकदा दाखवणंही आवश्यक. ह्या तिघांनी दाखवलं.

मला ज्या कामासाठी बोलावलं होतं ते

घरात शिरल्यावर मी जोडणी पाहिली. जनरेटरपासून आलेल्या वायरला दुसऱ्या टोकालाही थ्री-पिन टॉप लावलेला. तो कूलरजवळच्या १५ अँपिअरच्या पॉवर सॉकेटमध्ये घालायचा, की सगळं घर उलट्या दिशेनं जिवंत. ही पद्धत मी चोपड्यापासून शिरपुरापर्यंत पाहिली आहे. तिच्यात दोन धोके एकावर एक बसलेले आहेत.

पहिला उघड आहे. जनरेटर चालू असताना तो टॉप सॉकेटमधून निसटला तर त्याच्या उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट असतात. हात लावणारं लहान मूलही असू शकतं.

दुसरा धोका घराबाहेर आहे. मेन बंद केल्याशिवाय जनरेटर सुरू करायचा नाही, हा नियम ह्या घरात एका माणसाच्या डोक्यात होता. मुलगा घरी असला की मेन बंद व्हायचा. पण लाइट आली आहे की नाही हे कळायचं कसं? गल्लीतला दिवा त्या घरातून दिसत नाही. म्हणून तो मधूनच मेन चालू करून पाहायचा, जनरेटर चालू असतानाच. त्या क्षणी त्याच्या जनरेटरची वीज मीटरमधून बाहेर खांबावर जात होती.

खांबावरून ती डीपीकडं जाते. डीपी म्हणजे अकरा हजार व्होल्टचे ४३३ करणारा ट्रान्सफॉर्मर, आणि ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. खालून २३० घातले तर वर हजारो व्होल्ट उभे राहतात. कुणी म्हणेल, एवढासा जनरेटर सगळ्या गल्लीचा लोड ओढताना लगेच बंद पडेल. लाइन अखंड असेल तर बहुधा पडेलही. पण वादळात तार तुटलेली असते. शेजारच्यांचा लोड त्या तुकड्यावर नसतो, तुमच्या घरापासून तुटलेल्या टोकापर्यंत तेवढी तार उरते, आणि ती जनरेटरच्या विजेवर निवांत जिवंत राहते. नेमकी तीच तार जोडायला वायरमन चढतो. त्यानं सबस्टेशनवरून कामाचं परमिट घेतलेलं असतं, फीडर, म्हणजे तिथून गावाकडं येणारी लाइन, बंद असतो, त्याच्या कागदावर लाइन मेलेली असते. जून महिन्यात चिखलात, ओल्या खांबावर, कधी रात्री बॅटरीच्या उजेडात ही माणसं चढतात. आपल्या घरात पंखा फिरावा म्हणून त्यांच्या हातात वीज द्यायची, ह्याला कोणतंही कारण पुरेसं नाही. ह्या गावात तिसऱ्या दिवशी वायरमन खांबावर असताना जनरेटर बंद होता, कारण सगळं घर दवाखान्यात होतं.

आणखी एक गोष्ट उरते. मेन चालू असताना खरंच लाइट आली, तर महावितरणची वीज आणि जनरेटर समोरासमोर येतात. दोघांची लय जुळलेली नसते. अशा वेळी जनरेटरचं वाइंडिंग जळतं आणि आगही लागू शकते.

मी दोन पोलचा ३२ अँपिअरचा चेंजओव्हर बसवला. एका बाजूला लाइन, मध्ये बंद, दुसऱ्या बाजूला जनरेटर. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र बदलतात आणि दोन्ही पुरवठे एका वेळी लागूच शकत नाहीत. आता कुणाच्या लक्षात राहण्यावर काही अवलंबून नाही, आजीनं मूठ फिरवली तरी चूक होत नाही. चेंजओव्हरच्या आधी, येणाऱ्या लाइनवर एक लाल इंडिकेटर दिवा लावला. लाइट आली की तो पेटतो. मेन उघडून पाहण्याची सवय ह्या छोट्या दिव्यानं सुटली. हे दोन्ही सामान मिळून जनरेटरच्या किमतीपुढं किरकोळ आहे.

अर्थिंगचं काम त्याहून जास्त वेळ खाणारं निघालं. ह्या छोट्या जनरेटरांचा न्यूट्रल बहुतेक वेळा कशालाच जोडलेला नसतो. एखादं उपकरण थेट लावायचं असेल तेव्हा ते चालतं. घराला जोडताना मात्र जनरेटरच्या बाजूला न्यूट्रल आणि अर्थ जोडून द्यावा लागतो, नाहीतर घरात आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असूनही गळतीच्या वेळी तो पडेल ह्याचा भरवसा नाही. आणि अर्थचा खड्डा! आपली काळी कसदार माती उन्हाळ्यात सुकते, हातभर भेगा पडतात, मातीचा इलेक्ट्रोडला स्पर्शच राहत नाही. ह्या घरचा खड्डा ठणठणीत कोरडा होता. नवा इलेक्ट्रोड खोल घेतला आणि उन्हाळ्यात तिथं नियमानं पाणी घालायला सांगितलं. वायरिंगचं हे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावं.

जनरेटर रात्री चालवायचा नाही

आता मूळ प्रश्न. जागा बदलली, जोडणी सुधारली, तरी झोपलेल्या घराशेजारी रात्रभर इंजिन चालू ठेवायचं का? माझं मत ठाम आहे : नाही. जनरेटरनं दिवसा, जागेपणी, थोडा वेळ चालावं आणि बॅटरी, फ्रिज, मोबाइल भरून ठेवावेत. रात्र बॅटरीवर आणि सिलिंडरवर काढावी.

मुलानं लगेच विचारलं, ‘पुरेल का?’ म्हणून आम्ही कागदावर मांडलं. रात्रीची खरी गरज म्हणजे कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट, कमी विजेवर चालणारे दोन बीएलडीसी पंखे मिळून ६० वॅट, एक दिवा. सव्वाचारशे वॅट धरू. रात्री दहा ते सकाळी सहा म्हणजे सुमारे ३.४ युनिट. १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्यांत कागदावर ३.६ युनिट असतात. पण बॅटरी पूर्ण पिळायची नसते आणि इन्व्हर्टरही आपला वाटा खातो, म्हणून हाती सव्वादोन युनिटच येतात. म्हणजे पाच-साडेपाच तास.

दुसऱ्या रात्रीचा हिशेब ह्याहून कठीण आहे आणि इथंच बरेच जण फसतात. ट्यूब्युलर बॅटरी घाईनं भरत नाही. घरगुती इन्व्हर्टर तिला साधारण १५ अँपिअरनं भरतो. सकाळी तीन तास आणि संध्याकाळी तीन तास जनरेटर चालवला तरी सहा तासांत ९० अँपिअर-अवर, आणि सगळी गळती वजा जाता वापरायला दीड युनिट. ते साडेतीन तासांत संपतं. लिथियमची बॅटरी जास्त वेगानं भरते, पण तिचा खर्च ह्या घराला आत्ता झेपणारा नव्हता.

उरलेली रात्र ऑक्सिजनच्या सिलिंडरवर. बी टाइपच्या सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला दोन लिटरनं तो साडेबारा तास पुरतो. पहिल्या रात्री अडीच-तीन तास, पुढच्या दोन रात्री साडेचार तास असं धरलं तर एका भरलेल्या सिलिंडरवर तीन रात्री कशाबशा निघतात. म्हणून डॉक्टरांना विचारून दोन घेतले. सिलिंडर भिंतीला साखळीनं बांधलेला, चुलीपासून आणि बिडीपासून लांब. क्रमही ठरवला : बॅटरी उतरायला लागली की कॉन्सन्ट्रेटर बंद करून सिलिंडर, आणि उरलेली बॅटरी पंख्यांना. माझ्या मते ह्या घरात सगळ्यांत आधी यायला हवा होता तो हा सिलिंडर. ज्या घरात कुणाचा श्वास विजेवर चालतो तिथं विजेशिवाय चालणारी एक सोय असलीच पाहिजे, कारण जनरेटरही नेमक्या वेळी सुरू न होऊ शकणारं यंत्रच आहे.

एक बारीक अडचण आली. जनरेटर लावल्यावर इन्व्हर्टर त्याची वीज घेईना, बॅटरीवरच चालत राही. साध्या जनरेटरचा व्होल्टेज आणि लय लोडबरोबर हलते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरलं तर बरोबर ५० हर्ट्झ येतात, लोड पडला की फेरे कमी होतात. इन्व्हर्टरच्या मागचा खटका यूपीएस मोडवर होता. तो साध्या मोडवर नेल्यावर चार्जिंग सुरू झालं.

फ्रिजसाठी रात्रभर वीज लागतच नाही. दार बंद ठेवलं तर चारेक तास गारवा टिकतो, आणि बर्फाच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर त्याहून जास्त. आजी वापरात असलेलं इन्सुलिन आता लाइट नसेल तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात, कोरड्या डबीत ठेवते. बाहेर चाळीस अंश असताना हे मडकं मोलाचं आहे.

बोअरची एक हॉर्सपॉवरची मोटर मात्र ह्या जनरेटरवर चालवायची नाही असं सांगितलं. चालताना ती हजार-बाराशे वॅट घेते, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. जनरेटर घुसमटतो, व्होल्टेज खाली बसतो, आणि त्या वेळी कॉन्सन्ट्रेटर आणि फ्रिज त्याच वायरीवर असतात. त्याऐवजी धाब्यालगतच्या स्लॅबवर हजार लिटरची टाकी ठेवली, जूनमध्ये ती रोज भरायची.

मुलानं सोलरचं विचारलं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं, बिलासाठी ते चांगलंच आहे. पण ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं साधं सोलर लाइट गेली की स्वतःहून बंद होतं, वायरमनच्याच सुरक्षेसाठी. बॅटरीवालं हायब्रिड घेतलं तरच वादळात त्याचा उपयोग. आणि छतावर ग्रिडचं सोलर असेल तर जनरेटर त्याच वायरिंगवर आणू नये. सोलरचा इन्व्हर्टर जनरेटरलाच ग्रिड समजून त्याच्यात वीज ढकलू शकतो.

खर्चाचं थोडक्यात : अशा यंत्रात लिटरभर पेट्रोलमागं दीड-दोन युनिट हाती लागतात, लोड कमी असेल तर त्याहूनही कमी. पेट्रोल शंभरीपार असताना ही वीज महागच आहे, म्हणून दिवसाचे ते सहा तास नेमके भरायच्या वस्तूंसाठीच वापरायचे. पेट्रोल विनापरवाना तीस लिटरपर्यंत ठेवता येतं, पण ह्या घरात दहाहून जास्त ठेवू नका असं मी सांगितलं, तेही पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, झोपायच्या खोलीपासून लांब. टाकी भरताना इंजिन बंद आणि गार. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं, म्हणून हंगाम संपला की टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवायचे.

जागेचा तिढा

घरापासून निदान वीस फूट, सायलेन्सर घराकडं पाठ करून, हा जगभर सांगितला जाणारा किमान अंदाज. गावठाणात भिंतीला भिंत असताना वीस फूट आणायचे कुठून? आम्ही आधी अंगणाचा गल्लीकडचा कोपरा निवडला. स्वतःच्या खिडकीपासून अंतर भरत होतं. उभं राहून पाहिलं तर समोरच्या घराचा कूलर तिथून बारा फुटांवर, पाठ ह्याच बाजूला. स्वतःच्या घरातला धूर शेजाऱ्याच्या खोलीत पाठवण्याची ती सोय झाली असती. ती जागा सोडली.

शेवटी गोठ्यापलीकडच्या मोकळ्या खळ्यात, तिथून जवळच्या कूलरपासून तीस फुटांहून लांब, चार लोखंडी खांबांवर पत्रा टाकला. चारही बाजू उघड्या ठेवल्या, पावसात यंत्र भिजत नाही आणि धूर कोंडत नाही. खाली विटांचा ओटा. तिथून घरापर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची तीन कोअरची तांब्याची केबल, पाइपातून. एवढ्या अंतरात तीन-चार व्होल्टच पडतात. आजोबांच्या खोलीत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला. धुराचा अलार्म वेगळा असतो, तो ह्या वायूला ओळखत नाही, एवढं पाहून घ्यावं लागतं.

समोरच्या काकूंना बोलावून सगळं दाखवलं. त्यांच्या घरीही जनरेटर आहे, बोळात ठेवलेला, आणि त्या बोळात दोन्ही घरांच्या खिडक्या उघडतात. तो आता याच पत्र्याखाली आणायचा आणि एकाच केबलवरून आळीपाळीनं सकाळ-संध्याकाळ दोन्ही घरांच्या बॅटऱ्या भरायच्या का, ह्यावर दोन्ही घरांत बोलणं चालू आहे. एका केबलवर दोन घरं म्हणजे दोन चेंजओव्हर आणि मध्ये एक निवड-स्विच लागेल, त्याचा नकाशा मी काढून दिला आहे. काकूंनी तेवढ्यात एक केलं : बोळातला जनरेटर त्याच संध्याकाळी उचलून गोठ्याकडं नेला.